उन्हाचं पाणी आणि पुंजाजीचा झिरा

परवा आमचे भाचेजावई अमरावतीला घरी आले होते. राजस्थानच्या वाळवंटात उन्हावर वीज करण्याचं मोठं काम चाललंय, त्यात ते आहेत. फोनवर फोटो दाखवले. नजर जाईल तिथवर काळ्याभोर पाट्या मांडलेल्या. मी चष्मा पुसून पुसून पाहिलं. खरंच देखणं काम होतं. मग ते म्हणाले, "मामा, आधी तिथं काहीच नव्हतं हो. नुसतं ओसाड."

"काहीच म्हणजे काय काय नव्हतं?" मी विचारलं.

त्यांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. आतून आमची मंडळी म्हणाली, "झालं! आता झिऱ्याची गोष्ट निघणार. जावई, चहा घेऊन टाका आधी, थंड होईल." तिचं काही चुकलं नाही. चहा थंडच झाला. आणि आता या अंकाचे संपादक नोकरीतलं काहीतरी लिहा म्हणून मागे लागलेत, तर तीच गोष्ट लिहून टाकतो.

मी सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. जन्म अमरावतीच्या वकिलाच्या घरातला, पण आमच्या आजोळची शेती वलगावला आणि माझं निम्मं लहानपण तिथल्या काळ्या मातीत गेलेलं. कोटापेक्षा मला फावडं जवळचं वाटायचं. वडील म्हणत, "हा काही काळा कोट घालत नाही, हा काळी मातीच घालणार अंगाला." तसंच झालं. बढत्या, बदल्या वगैरे वगळतो, त्यात मलाच रस नाही. पूल बांधले, ते उभे आहेत. धारणीकडचा एक रस्ता बांधला, तो पावसाळ्यात वाहून जायचा आणि दिवाळीनंतर आम्ही पुन्हा तोच बांधायचो. पण उभ्या नोकरीत एकच काम असं झालं, की जे मी स्वतःच्या हातांनी उभारलं आणि स्वतःच्याच हातांनी मारलं.

महाराष्ट्र राज्य नुकतं झालं होतं तेव्हाची गोष्ट. अकोल्याकडे पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. वरून जमीन काळी, कसदार, कापूस बहारदार येतो. पण विहीर खोदली की पाणी खारं. इतकं खारं की बाहेरच्या माणसाने दोन घोट घेतले तर तिसरा घेत नाही. गावकरी तेच पितात. मुतखड्याच्या कळा हा तिथं पाहुण्यांना सांगायचा विषय, आपल्याकडे सर्दी असते तसा. त्या पाण्यात साबण फेसाळत नाही, आणि मुख्य म्हणजे तुरीची डाळ शिजत नाही. चुलीवर किती का वेळ ठेवा, दाणा दाताखाली कचकच करतो. लग्न निघालं की सोयरिकीच्या गावाहून बैलगाडीत पिपं घालून गोडं पाणी आणायचं, केवळ वरणासाठी. ज्याच्या मांडवात वरण गुळगुळीत, त्याचं नाव गावात वर्षभर निघायचं.

तर अशा एका गावात सरकारने प्रयोग करायचा ठरवला: उन्हाने पाणी गोडं करायचं. गावाचं नाव मी लिहीत नाही. आमचे साहेब पुण्याकडचे, तरुण, हुशार, आणि माणूस म्हणून फार चांगले. त्यांनी मला एका कपात समजावलं. कपात खारं पाणी घेतलं, वर काच ठेवली, उन्हात ठेवलं. थोड्या वेळाने काचेला आतून थेंब जमले. "चाटून बघा," म्हणाले. मी चाटलं. गोडं! म्हणजे गोड नव्हे, नुसतं काहीच चव नसलेलं. "हेच मोठ्या प्रमाणात करायचं," साहेब म्हणाले. "आपल्याकडे ऊन काय कमी आहे?" ऊन! अकोल्याचं ऊन! मला हसू आलं. जे आम्ही जन्मभर शिव्या देत सोसलं, ते कामाला लावायचं म्हणजे मला फारच आवडलं. खरं सांगतो, इतकं आवडलेलं काम मला नंतर मिळालं नाही.

बांधकाम साधं होतं. सिमेंटच्या लांबलचक, उथळ टाक्या. तळाला काळा रंग, ऊन शोषायला. त्यांवर घरासारखी दोन्हीकडे उतरती काचेची छपरं. विहिरीचं खारं पाणी इंजिनने टाक्यांत सोडायचं. ऊन तापलं की वाफ होते, काचेला लागते, थेंब घसरत कडेच्या पन्हाळीत येतात, आणि तिथून गोड्या पाण्याच्या टाकीत. मागे राहते ती घट्ट खारवणी. ती साचली की तळावर मिठाचा थर धरतो, काळा रंग पांढरा पडतो आणि सिमेंट फुटतं. म्हणून खारवणी अधूनमधून काढून टाकावी लागते. कुठे काढायची? नकाशात एक मोठा खड्डा दाखवला होता. त्यात सोडायची, ऊन तिला वाळवून टाकील.

एवढ्या टाक्यांना जागा लागते. गावाच्या पूर्वेला गायरान होतं. तलाठी म्हणाला, पडीक. साहेब म्हणाले, उत्तम, शेतकऱ्याच्या पिकाखालची जमीन घ्यायची नाही म्हणजे नाही. यात काय वाईट होतं? मलाही पटलं. आम्ही जागा मोजायला गेलो तेव्हा समोरून पुंजाजी आला.

पुंजाजी म्हणजे गावचा गायकी. आमच्याकडे गावाची सगळी ढोरं चारायला नेणाऱ्याला गायकी म्हणतात. काटक, काळा, डोक्याला फाटका पटका आणि बोलणं एकदम तोंडावर. ओव्हरसियरचं त्याच्या तोंडात 'ओरसेर' झालं होतं.

"ओरसेर बाबू, काय मोजून राहिले?"

मी सांगितलं.

"अन् माही ढोरं कुठी चारू? तुमच्या डोक्शावर?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खालमानेने म्हटलं, "ते असंच बोलतात, साहेब."

"पडीक कोन म्हनते याले?" पुंजाजी म्हणाला. "मृगात या, गवत गुडघ्याले लागते. अन् थो पाहा झिरा."

गायरानाच्या उताराला एक नाला होता. नाल्याच्या वाळूत माणूसभर खोदलेला तो झिरा. पावसाचं पाणी वाळूत मुरतं ते तिथं पाझरून येतं. खालच्या खाऱ्या पाण्यावर हे गोडं पाणी तवंगासारखं तरंगत असतं, थोडंच, पण वैशाख निघेपर्यंत पुरतं. माणसांना पुरेल इतकं नाही. पण ढोरं तेवढ्यावर उन्हाळा काढायची. विहिरीचं पाणी त्यांना दाखवलं तर नुसतं हुंगून तोंड वळवायची. "थो झिरा गेला का माहे ढोरं गेले," पुंजाजी म्हणाला. "अन् ढोरं गेले का म्या कायचा गायकी?"

"झिऱ्याला हात लावत नाही," साहेब म्हणाले. आणि आम्ही लावलाही नाही. झिऱ्यापासून चांगलं लांब बांधलं.

पुंजाजीचं प्रत्येक बोलणं खरं होतं असं मात्र समजू नका. काचा बसल्या आणि दुपारी डोळे दिपवायला लागल्या तेव्हा त्याने गावभर सांगितलं, की या चटक्याने ढग फाटतात, आता पाऊस येत नाही. त्या वर्षी पाऊस असा पडला की नाल्याला पूर आला. मी त्याला गाठलं. "काहो पुंजाजी, ढग फाटले का?" तो म्हणाला, "फाटले तं काय! म्हनून तं येवढं पानी गळून राहिलं!" घ्या. या माणसाशी वाद घालायचा म्हणजे डोकं धरायची वेळ.

हिवाळ्यात वेगळंच झालं. करकोचे यायचे त्या दिवसांत, बदकंही यायची. सकाळच्या कोवळ्या उन्हात वरून काचा त्यांना तळ्यासारख्या दिसत असाव्यात. एक बदक सरळ उतरलं आणि काचेवर आपटलं. मी धावलो ते काच फुटली का बघायला, हेही सांगून टाकतो. काच फुटली होती. बदकाची मान मोडली होती. नंतर आम्ही काचांवर चिंध्या बांधल्या, बुजगावणी उभी केली, तरी येणारी येतच राहिली. शिवाय धूळ. काळ्या मातीचा फुफाटा काचांवर बसला की पाणी कमी यायचं. काचा धुवायच्या तर खाऱ्या पाण्याने डाग पडतात. मग ज्या गोड्या पाण्यासाठी हा खटाटोप, त्यातलंच पाणी काचा धुण्यात जायचं. साहेबांना मी म्हटलं, "साहेब, ही म्हैस स्वतःचंच दूध पिते." साहेब पोट धरून हसले.

पण पाणी यायचं बरं का! पहिल्या दिवशी सबंध गाव लोटलं. सरपंचांनी पहिला पेला घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "हे तं मेलेलं पानी हाय. याले काई चवच नाई." सगळ्यांचं तेच. जन्मभर खारं प्यालेल्या जिभांना ते मिळमिळीत लागलं. मी चिडलो, पाण्याच्या फायद्यावर भाषण दिलं, कोणी ऐकलं नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून बायका गुंड, म्हणजे पाण्याच्या पितळी घागरी, घेऊन रांगेत. मला वाटलं, भाषण लागू पडलं. चौकशी केली तर कळलं, पिण्यासाठी एकही घर ते पाणी वापरत नव्हतं. सगळं डाळीसाठी!

पुंजाजीची बायको सरूबाई रांगेत सर्वांत पुढे असायची. ठेंगणी, हसरी, पण बोलायला नवऱ्याच्या वरताण. मी तिला म्हटलं, "वहिनी, हे पाणी प्यायला दिलंय. पोरांना पाजा. मुतखडे होणार नाहीत."

"भाऊ," ती म्हणाली, "पोट्टे खारंच पेतात. सवय हाय त्यायले. पन तुमाले काय मालूम, डाळ शिजली का बाईच्या जिवाले काय वाटते थे. अर्धं सरपन वाचून राहिलं माह्यं." आणि संध्याकाळी घरी बोलावून वरण-भाकर वाढली. गुळगुळीत वरण, वर कच्च्या तेलाची धार. पुंजाजी समोर बसून जेवत होता आणि माझ्या टाक्यांना शिव्या घालत दुसऱ्यांदा वरण घेत होता. "पाहून घ्या भाऊ," सरूबाई म्हणाली, "तोंडानं एक अन् पोटानं एक." आम्ही तिघंही हसलो. फार चांगले दिवस होते ते.

खारवणी खड्ड्यात जात होती. आणि खड्डा भरत नव्हता. हिवाळ्यात थोडी साचायची, पण उन्हाळा लागला तसा कितीही सोडा, सकाळी कोरडा. साहेब खूश, मी खूश, गावकरी खूश. "ऊन पेऊन टाकते सारं," सरपंच म्हणायचे. त्या गावात जन्मलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की काळी जमीन उन्हाळ्यात फाटते, इतकी की शेळीचा पाय अडकतो. मीही त्याच मातीत खेळलेला. पण खड्डा कोरडा दिसला की आम्ही सगळे उन्हालाच शाबासकी द्यायचो. ऊन म्हटलं की आमच्याकडे त्याच्यावर काहीही खपतं.

चैत्र संपता संपता एका सकाळी पुंजाजी टाक्यांवर आला. शिवी नाही, आवाज नाही. "ओरसेर बाबू, जरा चाला," एवढंच म्हणाला. मी गेलो. सगळी ढोरं झिऱ्याभोवती उभी होती. तहानेने जिभा बाहेर आलेल्या, पण एकही पाण्याला तोंड लावत नव्हतं. म्होरकी तांबडी गाय पुन्हा पुन्हा वाकायची, हुंगायची आणि मान वर करून पुंजाजीकडे पाहायची. मी ओंजळीत पाणी घेऊन चाखलं आणि थुंकलो.

नाल्याच्या काठाला, झिऱ्याच्या वरच्या अंगाला, पांढरी रेघ फुटली होती. खार. मी तसाच खड्ड्याकडे गेलो. तळाला वाकून पाहताना खिशातली पक्कड घसरली आणि भेगेत गेली. खाली आपटल्याचा आवाजसुद्धा आला नाही. ऊन काहीच पीत नव्हतं. सगळं जमीन पीत होती आणि उताराने झिऱ्याला देत होती.

मी अमरावतीला साहेबांकडे गेलो. पक्का, सिमेंटचा खड्डा हवा म्हणून सांगितलं. साहेबांनी सगळं नीट ऐकलं. म्हणाले, "पुढच्या वर्षी मंजूर करून घेऊ. तोवर थांबवता येणार नाही. पावसाळ्यानंतर आपण टाक्या दुप्पट करतोय, दिल्लीहून माणसं बघायला येणार आहेत." मग जरा थांबून म्हणाले, "मला सांगा, झिरा कोणाला पाणी देतो? ढोरांना. आणि आपण? माणसांना. माणसं आधी नकोत का?"

मी नमस्कार करून निघालो. ते खोटं बोलत नव्हते.

परत आलो तर पुंजाजीने ढोरं मेळघाटात न्यायची तयारी चालवली होती. पाऊसकाळात वऱ्हाडातली ढोरं मेळघाटात चरायला नेतात, ती रीतच आहे. पण ऐन वैशाखात, वाटेत पाणी नाही, चारा नाही? म्हाताऱ्या गायी रस्त्यातच बसल्या असत्या. घराघरांतलं दूध आटलं होतं. एक वासरू मेलं. त्या दिवशी सरूबाई रिकामा गुंड घेऊन टाक्यांवर आली. मी तोटी सोडायला वाकलो, तर तिने गुंड पालथा घातला आणि त्यावर बसली.

"पानी नाई पायजे, भाऊ."

"मग?"

"डाळीच्या वाफेचा वास आला का मले वासरू दिसून राहिलं." तिला रडू आलं. "बंद करा न् हे. आमी कचकच खाऊ. लहानपनापासून खाल्लं. ढोरायले नाई सांगता येत का बाप्पा, वैशाखभर थांबा म्हनून."

गाव काही एकमताने तिच्या मागे उभं राहिलं नाही. चावडीवर भांडण झालं. सरपंच म्हणाले, सरकार देते ते घालवू नका. काही बायका म्हणाल्या, गायक्याच्या ढोरांसाठी आमचं सरपण काहून जाळता? तर दुसऱ्या म्हणाल्या, ढोरं त्याची कुठं आहेत, आपलीच तर आहेत. पुंजाजी एका कडेला उकिडवा बसला होता. शेवटी सगळे माझ्याकडे पाहायला लागले. ओरसेर, तुम्हीच सांगा.

आता टाक्या नुसत्या बंद करून भागत नव्हतं. त्या खारवणीने भरलेल्या होत्या. सोडायची तर जाणार खड्ड्यात, म्हणजे झिऱ्यात. न सोडायची तर एकच उपाय: तिथंच टाक्यांत वाळू द्यायची, मीठ होईपर्यंत. म्हणजे तळ फुटणार, रंग जाणार, यंत्र कायमचं गेलं. वरून हुकूम चालू ठेवण्याचा. मी साहेबांना न विचारता इंजिन बंद केलं आणि किल्ली खिशात घातली. शौर्य वगैरे काही नाही, त्या तांबड्या गायीकडे मला पाहवत नव्हतं एवढंच.

ऊन कडक होतं. माझ्याच काळ्या टाक्या माझ्या डोळ्यांदेखत पांढऱ्या झाल्या. सिमेंटला तडे जाताना टकटक आवाज यायचा. तोवर पुंजाजी आणि इतर गाडीवाले लांबच्या गोड्या गावाहून पिपं भरून आणत होते, लग्नासाठी आणायचे तशी, पण ढोरांसाठी. मीठ निघालं ते आम्ही खुरप्यांनी खरवडून पोत्यांत भरलं. अकोल्याला कातडी खारवणाऱ्या एकाने नेलं.

साहेब आले. जीपमधून उतरून टाक्यांजवळ गेले, पांढऱ्या तळावरून नखाने रेघ ओढली. मला वाटलं, आता सस्पेंड. ते म्हणाले, "मला विचारायला हवं होतं तुम्ही."

"विचारलं होतं, साहेब."

ते जीपकडे वळले. मला सस्पेंड केलं नाही. योजना गुंडाळली गेली आणि माझी बदली धारणीच्या त्याच वाहून जाणाऱ्या रस्त्यावर झाली. त्यांचं स्वप्न मी मोडलं याचं मला वाईट वाटतं, आजही वाटतं. ते स्वप्न खोटं नव्हतं. एक सिमेंटचा खड्डा आधी बांधला असता, तर कदाचित आज त्या गावात घरोघर डाळ शिजली असती.

झिऱ्यातला खार पाऊस धुऊन नेईल, असं मी पुंजाजीला सांगितलं होतं. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात रजा काढून मी गावात गेलो. गायरानावर काचा नव्हत्या, टाक्यांच्या भिंतींतून गवताच्या वाळक्या काड्या वर आलेल्या. कळप निम्माच राहिला होता. लोकांनी ढोरं विकली होती. पुंजाजी वाळला होता, पण मला पाहून "या ओरसेर!" म्हणून ओरडला, आणि शिवीही दिली, तेव्हा बरं वाटलं.

दुपारी तो ढोरं झिऱ्यावर घेऊन आला. मी ओंजळ भरून चाखलं. आधीइतकं नाही, पण होतं. खारंच होतं. तांबडी गाय अजून होती, म्हातारी झालेली. ती वाकली, पाणी हुंगलं, आणि मान वर करून बाजूला झाली. तिच्यामागच्या गायी तशाच बाजूला झाल्या.

मग मागून एक कालवड पुढे घुसली. त्या सगळ्या प्रकारानंतर जन्मलेली, अंगाने भरलेली, अवखळ. तिने सरळ तोंड घातलं आणि घटाघटा प्यायला लागली.

मला इतका आनंद झाला की मी पुंजाजीचा दंड धरला. "पेली! पुंजाजी, पेली ना!"

"पेते थे," पुंजाजी म्हणाला. तो कालवडीकडे पाहत होता. "तिनं गोडं कधी चाखलंच नाई, बाबू."